मागच्या रांगेतलं व्हायोलिन

दिवाळीच्या आधीचा शनिवार म्हणजे आमच्या शिवाजी पेठेत माळ्यावरचा इतिहास जमिनीवर येण्याचा दिवस. यंदाही आला. दोन पितळी घागरी, एक चाक तुटलेली सुटकेस, पप्पांचे कॉलेजातले फुटबॉलचे बूट आणि सगळ्यात शेवटी, जुन्या धोतरात गुंडाळलेली एक काळी पेटी. आकार असा की, गल्लीतल्या पोरांनी लगेच विचारलं, ‘ताई, आत बंदूक हाय काय गं?’

‘आण्णांचं फिडल,’ आई म्हणाली आणि पदरानं धूळ पुसली.

‘देऊन टाकूया की कुणालातरी,’ पप्पा शिडीवरूनच म्हणाले. ‘वाजवणारा गेला. आता काय पूजा करायची त्याची?’

मी सोप्यात लॅपटॉप घेऊन बसले होते. कानात हेडफोन, डोक्यावर डेडलाइन. पुण्यातल्या एका बड्या साहेबांच्या नावानं ‘माझा प्रवास’ टाइपचा लेख लिहीत होते. म्हणजे प्रवास त्यांचा, शब्द माझे, फोटो त्यांचा आणि नावही त्यांचंच! आमच्या धंद्यात याला घोस्ट रायटिंग म्हणतात. पैसे बरे मिळतात, भूत असल्याचा फील फुकट.

त्यातच, त्या आठवड्यात एक घाव ताजा होता. दोन महिने खपून केलेली एक स्टोरी एका ठिकाणी छापून आली (नाव नको, पेमेंट अजून यायचंय). मथळा झकास, लेआउट एकदम क्लास आणि माझ्या नावाच्या जागी ‘आमच्या टीमकडून’. मी फोन केला, तर पलीकडून गोड आवाजात उत्तर आलं, ‘अगं, तू टीमच आहेस ना!’

तुमच्यापैकी किती जणांना हे वाक्य ओळखीचं वाटलं? प्रेझेंटेशन तुम्ही केलं, रात्री दीडपर्यंत स्लाइड्स तुम्ही घासल्या, आणि मीटिंगमध्ये बॉस म्हणाला, ‘मी असा विचार केला की...’ हात वर करा. दिसले मला.

तर अशा मूडमध्ये मी पेटी उघडली.

आण्णा आणि त्यांची जागा

आण्णा म्हणजे माझे आजोबा. दिवसा एका सोसायटीत क्लार्क, संध्याकाळी व्हायोलिन. आता शिवाजी पेठ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? तालीम, फुटबॉल, हलगी, मिरवणूक आणि तांबडा-पांढरा. मंगळवार पेठेशी मॅच असली की इथं सुतकी शांतता असते, नाहीतर फटाके तरी. आमच्याकडे मुलीसुद्धा ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. पुण्यात शिकायला गेल्यावर माझं हे व्याकरण सुधारण्यात रूममेट्सची तीन वर्षं गेली. असल्या राकट पेठेत संध्याकाळी सातला एक माणूस सोप्यात सतरंजी टाकून, डोळे मिटून गज ओढत बसतो, ही गोष्टच गल्लीला जरा गमतीची वाटायची.

पण आण्णा कधी ‘कलाकार’ झाले नाहीत. भजनी मंडळ, गणपतीतलं नाटक, कुणाच्या तरी मुलीचं अरंगेत्रम, एखाद्या बाईंचा नाट्यगीतांचा कार्यक्रम... बोलावलं की जायचं. नेहमी डाव्या बाजूला, अर्धवट अंधारात. फोटोत कायम अर्धेच. गजाचा हात तेवढा फ्रेममध्ये, चेहरा बाहेर.

मी सतरा वर्षांची असताना एका कार्यक्रमात सूत्रसंचालकानं सगळ्यांची नावं घेतली आणि आण्णांचंच विसरला. मला भयंकर राग आला. घरी येताना रंकाळ्याच्या कट्ट्यावर मी त्यांना म्हणाले, ‘आण्णा, तुम्ही आयुष्यभर मागंच बसलाय. कधी पुढं बसावं वाटलं नाही तुम्हाला?’

वाक्य तोंडातून निघालं आणि लगेच कळलं, चुकलं. पण सतराव्या वर्षी सॉरी म्हणण्याची पद्धत नसते.

आण्णा थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘पुढं बसल्यावर लोकांची तोंडं दिसत्यात. मागं बसलं की गाणाऱ्याची पाठ दिसती. पाठीवरनं कळतंय श्वास कधी घेणार. तेवढं कळायला मला वीस वर्षं लागली बघ.’ आणि उठताना पुस्ती जोडली, ‘कुरुंदवाडच्या दातारांचं ऐक एकदा. मग बोलू.’

मी ऐकलं नाही. मग बारावी, मग पुणे, मास कॉम, मग फ्रीलान्सिंग. सहा वर्षांपूर्वी आण्णा गेले. ‘मग बोलू’ तसंच राहिलं.

पन्नास किलोमीटरवरचं गाव

त्या शनिवारी पेटीत काय होतं? एक व्हायोलिन, दोन तारा तुटलेल्या. केस झडलेला गज. राळेचा एक तुकडा, काचेसारखा. आणि झाकणाच्या आत पेन्सिलीनं लिहिलेलं एकच नाव : ‘डी. के. दातार’.

साहेबांचा ‘प्रवास’ मिनिमाइज केला आणि दातारांचा सुरू केला.

कुरुंदवाड आपल्याच जिल्ह्यातलं. कोल्हापूरपासून साधारण पन्नास किलोमीटर. नृसिंहवाडीला बासुंदी आणि कवठाची बर्फी खायला जाता ना? त्याच्या शेजारचं. पूर्वी पटवर्धनांचं छोटंसं संस्थान. पण या गावानं हिंदुस्थानी संगीताला काय दिलंय, हे ऐकलंत तर चाट पडाल.

१८ ऑगस्ट १८७२ ला इथं विष्णू दिगंबर पलुस्कर जन्मले. लहानपणी फटाक्याच्या स्फोटात त्यांचे डोळे अधू झाले, शाळा सुटली, म्हणून गाणं शिकायला मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गेले. पुढे ५ मे १९०१ ला थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. राजाच्या दिवाणखान्यातलं गाणं फी भरणाऱ्या सामान्य माणसाच्या वर्गात आणलं. आज तुमच्या भाचीनं ‘प्रारंभिक’ची परीक्षा दिली असेल, तर त्या सगळ्या भानगडीच्या मुळाशी हा कुरुंदवाडचा माणूस आहे.

विष्णू दिगंबर १९३१ साली गेले. आणि पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९३२ ला, त्याच कुरुंदवाडला दामोदर केशव दातार जन्मले.

घरात संगीत होतंच. दातार व्हायोलिन शिकले ते विघ्नेश्वर शास्त्रींकडे. हे शास्त्री विष्णू दिगंबरांचे शिष्य. आणि मग दातारांना भेटले डी. व्ही. पलुस्कर, म्हणजे विष्णू दिगंबरांचे चिरंजीव, बापूराव. ‘बैजू बावरा’ (१९५२) मधली ती गायनाची चढाओढ आठवते? त्यातला एक आवाज उस्ताद अमीर खाँ यांचा, दुसरा या बापूरावांचा. त्या काळातला सुपरस्टार म्हणा ना. आवाज असा स्वच्छ, की वाटावं नुकताच धुऊन वाळत घातलाय.

या गायकाच्या मागे बसून दातार साथ करू लागले. वय विशीच्या आतबाहेर.

साथ म्हणजे नक्की काय?

इथं जरा थांबू, कारण मलाही हे नीट माहीत नव्हतं. आपल्याला वाटतं, साथ म्हणजे बॅकग्राउंड म्युझिक. तसं नाही, बॉस.

मैफलीत गायक पुढं काय गाणार, हे लिहिलेलं नसतं. कागद नाही, रिहर्सल नाही. तो एक जागा घेतो, साथीदारानं ती त्याच्या मागून, क्षणभराच्या अंतरानं उचलायची. पुढे जायचं नाही, कारण पुढचा सूर उघड करण्याचा मान त्याचा. फार मागेही राहायचं नाही, नाहीतर गाण्यात खड्डा पडतो. तो श्वास घेईल तेव्हा ती पोकळी भरायची. तो परत आला की बाजूला व्हायचं. आणि हे सगळं तास-दोन तास, अंदाजानं नव्हे तर कानानं.

व्हायोलिन हे मुळात परदेशी वाद्य. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ते आधी दक्षिणेत रुजलं. बालुस्वामी दीक्षितरांचं नाव त्यासाठी घेतात. उत्तर हिंदुस्थानी संगीतात ते उशिरा आलं, आणि आपल्याकडच्या मंडळींनी त्याला पार आपलं करून टाकलं. साहेबाचं वाद्य हनुवटीखाली, उभ्यानं किंवा खुर्चीवर. आपलं मांडी घालून. एक टोक छातीला-खांद्याला टेकलेलं, दुसरं उजव्या पायाच्या घोट्यावर. त्यामुळे डाव्या हाताला वाद्य सांभाळायचं काम उरत नाही आणि बोटं तारेवरून मोकळी घसरू शकतात. पाश्चात्त्य पद्धतीत चारही तारा एकेका पंचमाच्या अंतरानं चढत जातात, आपण त्या षड्ज-पंचमाच्या जोडीनं लावतो. शिवाय, व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नाहीत. एका सुरावरून दुसऱ्यावर सलग जाता येतं, गळ्यासारखं. फायदा हाच, धोकाही हाच! बोट केसभर हुकलं की बेसूर.

आणि एक मजेशीर योगायोग. १९४० ते १९७१ ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी होती. कारण काय, तर तिचे सूर ठोकळेबाज, मींड निघत नाही. नेमका हाच काळ आपल्याकडच्या व्हायोलिनवाल्यांच्या मोठं होण्याचा. गजाननबुवा जोशी गातही होते आणि वाजवतही होते. साताऱ्याच्या वाईत १९२२ साली जन्मलेल्या व्ही. जी. जोगांनी थेट कलकत्त्यापर्यंत नाव काढलं. एन. राजम ओंकारनाथ ठाकुरांकडून गायकी घेऊन ती तारांवर आणत होत्या. आणि हे ओंकारनाथही विष्णू दिगंबरांचेच शिष्य. म्हणजे फिरून फिरून पुन्हा कुरुंदवाड!

रेडिओवरचा चेक पाहुणा

रेडिओ म्हटल्यावर आण्णांची सकाळ आठवली. आमच्याकडे अलार्म नव्हता, आकाशवाणीची सिग्नेचर ट्यून होती. खाली तंबोरा आणि वर एकटंच चढत जाणारं व्हायोलिन. ती वाजली की आण्णा उठायचे आणि मी पांघरूण ओढून घ्यायचे. त्या धूनमध्ये शिवरंजनीची छटा आहे म्हणतात. मला तरी ती ऐकली की शाळा आणि थंड पाण्याची अंघोळ आठवते.

ती धून कुणी बांधली? वॉल्टर कॉफमन. कार्ल्सबाडचा (आताचं चेक देशातलं कार्लोव्ही वारी), जन्म १ एप्रिल १९०७, प्रागमध्ये शिकलेला ज्यू संगीतकार. डॉक्टरेट हाताशी आली होती, पण आपले प्राध्यापक नाझी आहेत हे कळल्यावर त्यानं ती पदवीच नाकारली. युरोपात हिटलरची सावली पसरत होती. १९३४ च्या फेब्रुवारीत हा गडी मुंबईत उतरला. वय सव्वीस. माझ्याहून दोन वर्षांनी लहान! बोटीवरून उतरल्यावर त्यानं आपलं गाणं ऐकलं, तेव्हा त्याला ते अगदी परकं वाटलं. पण इतक्या लोकांना जे आवडतं, ते आपल्याला कळत नसेल तर दोष आपलाच असणार, असं ठरवून तो राहिला आणि शिकला. बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. त्यात व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील. त्या धूनमधलं व्हायोलिनही मेहलींचंच असल्याचं सांगितलं जातं. १९४६ साली कॉफमन भारतातून गेला. पुढे कॅनडा, मग अमेरिका. तिथं प्राध्यापक झाला आणि उत्तर हिंदुस्थानी रागांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. १९८४ साली तिकडेच वारला.

आता विचार करा. देशातल्या करोडो माणसांनी वर्षानुवर्षं त्या धूनवर डोळे उघडले. किती जणांना कॉफमनचं नाव माहीत होतं? आण्णांना तरी असेल का? मला शंकाच आहे. आणि तरीही ती धून रोज वाजलीच. ‘आमच्या टीमकडून’.

हे वाचून मला बरं वाटलं की आणखी वाईट, हे तेव्हा ठरवता आलं नाही.

तेविसावं वर्ष

परत दातारांकडे. १९५५ साल. बापूराव पलुस्कर सांस्कृतिक शिष्टमंडळातून चीनला जाऊन आले आणि आजारी पडले. ऑक्टोबर १९५५. बापूराव गेले. वय फक्त चौतीस.

दातारांचा तेविसावा वाढदिवस नुकताच होऊन गेला होता.

ज्याच्या पाठीकडे बघून श्वास मोजला, तो समोरून उठून गेला. आता काय करायचं? आपल्याकडे जॉब जातो तेव्हा निदान सीव्ही अपडेट करता येतो. साथीदाराचा सीव्ही म्हणजे समोरचा गायक.

दातारांनी जे केलं, ते मला त्या रात्री यूट्यूबवर ऐकू आलं. पेठेत अकराच्या सुमाराला हलगी थांबल्यावर मी हेडफोन लावले. सुरुवातीचा आलाप चालू होता. खरं सांगते, पहिली दोन मिनिटं मला काही कळलं नाही. तिसऱ्या मिनिटाला मात्र मी दचकले. कारण हे व्हायोलिन वाजत नव्हतं, गात होतं. घाई नाही, तारांवर कसरती नाहीत, ‘बघा मला किती येतं’ नाही. एखादा गायक शब्द मनात ठेवून फक्त सूर लावतोय असं. आणि मधे मधे तो थांबत होता. व्हायोलिनला कुठं श्वास लागतो? गज तर दोन्हीकडून चालतो! पण दातार थांबत होते. बरोबर तिथंच, जिथं गाणारा माणूस श्वास घेईल.

जाणकार याला गायकी अंग म्हणतात. पुस्तकात व्याख्या सापडेल. मला मात्र आण्णांचं रंकाळ्यावरचं वाक्य आठवलं. पाठीवरनं कळतंय श्वास कधी घेणार. या माणसानं मागं बसून जे मोजलं होतं, तेच तो पुढं बसून वाजवत होता. मागची रांग ही त्याची वेटिंग लिस्ट नव्हती, ती त्याची शाळा होती.

आणि हेही लक्षात घ्या, तो कायम मागं राहिला नाही. साथ करता करता एकल वादनात आला, मैफली गाजवल्या, परदेश दौरे केले, शिष्य घडवले. रतीश तागडेंसारखे वादक त्यांच्याच तालमीतले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला १९९५ साली. पद्मश्री २००४ साली. म्हणजे पहिला मोठा सन्मान साठी ओलांडल्यावर आणि दुसरा सत्तरी ओलांडल्यावर. इथं आपण ‘थर्टी अंडर थर्टी’च्या यादीत नाव नाही म्हणून एकोणतिसाव्या वाढदिवशी डिप्रेस होतो! १० ऑक्टोबर २०१८ ला मुंबईत दातार गेले. शहाऐंशी पूर्ण व्हायला चार दिवस बाकी होते.

त्या रात्री मला एका गोष्टीचं फार वाईट वाटलं. आण्णा हयात असताना हे व्हायोलिन ऐकायला मला फक्त तीन मिनिटं लागली असती.

दुरुस्ती

सोमवारी सुट्टी टाकली (फ्रीलान्सर सुट्टी टाकतो म्हणजे स्वतःच्याच पगारातून कापून घेतो) आणि पेटी घेऊन मिरजेची गाडी पकडली. मिरज म्हणजे तंतुवाद्यांची पंढरी. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं. भोपळे वाळत घातलेले, लाकडाचा भुसा, कुठंतरी कुणीतरी जवारी लावतंय आणि तोच एक सूर पुन्हा पुन्हा. पहिल्या दुकानातल्या चाचांनी पेटी उघडून बघितली आणि म्हणाले, ‘आम्ही सतारवाले. याला दुसरा माणूस हवा.’ पुढच्या गल्लीतला पत्ता त्यांनीच दिला, वर चहाही पाजला.

त्या दुसऱ्या कारागिरांनी व्हायोलिन कानाशी धरून हलवलं. आतून खडखड आवाज आला.

‘तारांचं काय नाही हो, त्या घालू. आतली दांडी पडलीय.’

व्हायोलिनच्या पोटात, घोडीच्या पायाजवळ, एक बारीक लाकडी दांडी उभी असते. साउंड पोस्ट. खिळा नाही, डिंक नाही. वरच्या आणि खालच्या फळीमध्ये नुसती दाबानं उभी. तारांचा भार पेलायला ती मदत करते आणि वरच्या फळीची थरथर खालच्या फळीला देते. ती पडली की वाद्य मुकं. बाहेरून बघितलं तर ती दिसतही नाही, वाद्याच्या फटीतून डोळा लावून शोधावी लागते.

घरी येताना गाडीत सर्च केलं. फ्रेंचमध्ये आणि इटालियनमध्ये त्या दांडीला जे म्हणतात, त्या शब्दाचा अर्थ आहे ‘आत्मा’. आणि कॉफमनच्या त्या चेक मुलखातसुद्धा तिला ‘दुशे’ म्हणतात. अर्थ तोच, आत्मा.

मी जयसिंगपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. ऊस, ऊस आणि ऊस.

आणि मग?

आता तुम्हाला वाटेल, की ही बया सांगणार : मित्रहो, नावाच्या मागे लागू नका, गुपचूप काम करत राहा. अजिबात नाही! साथीदाराचं नाव न घेणारा सूत्रसंचालक तेव्हाही चूक होता आणि आजही आहे. ‘तू टीमच आहेस ना’ हे वाक्य शाबासकी नाही, ती हिशेबातली कपात आहे. दुसऱ्याच्या कष्टांवर स्वतःची सही करणाऱ्याला साथ मिळत नसते, फक्त हमाल मिळतात.

पण एक फरक आता मला कळतो. समोरच्याकडून मला काही शिकायला मिळतंय की नाही? तो गातोय का? की नुसता माईक धरून बसलाय आणि सूर माझेच आहेत? दातारांसमोर बापूराव होते. ज्याच्यासमोर बापूराव आहे, त्यानं मागं बसावं, मनापासून बसावं आणि श्वास मोजावा. ज्याच्यासमोर नुसतीच खुर्ची आहे, त्यानं आपली सतरंजी उचलावी.

म्हणून मी दोन मेल केले. त्या ‘टीम’वाल्यांना लिहिलं, पुढची स्टोरी नावासहित, नाहीतर नाही. उत्तर आलं, ‘पॉलिसीत बसत नाही, पण रेट वाढवू शकतो.’ वाढीव रेट बघून मन डळमळलं, नाही कसं म्हणू? घराचं लाइट बिल मीच भरते. रात्रभर विचार केला आणि सकाळी नाही म्हटलं. दुसरा मेल एका ज्येष्ठ संपादकांना. त्यांच्या पुस्तकासाठी मुलाखती उतरवायचं काम मी सोडणार होते, कारण त्यातही माझं नाव नाही. पण त्यांच्यासोबत बसून प्रश्न कसा विचारायचा, हे मी शिकतेय. ते काम ठेवलं. मागच्या रांगेत, स्वखुशीनं.

साहेबांचा ‘माझा प्रवास’ही पूर्ण करून दिला. पैसे आले. त्यातूनच मिरजेचं बिल भागलं. भुताचाही काहीतरी उपयोग व्हायला हवा ना!

व्हायोलिन परत आलं, त्या संध्याकाळी सोप्यात सतरंजी टाकली. पेठेतल्याच एका बाईंकडे शिकायला सुरुवात केलीय, आठवड्यातून दोनदा. सध्या मी एकच सूर लावते. सा. तोही बऱ्याचदा शेजारच्याच घरात जाऊन पडतो. पहिल्या दिवशी गल्लीतला एक पोरगा खिडकीतून ओरडला, ‘ताई, मांजराला सोड की!’ नाद खुळा पब्लिक आहे आमचं.

पप्पा त्या दिवशी मॅच बघून आले होते. हरलो होतो, त्यामुळे घरात बोलायची सोय नव्हती. ते दारात थांबले, चपला काढल्या आणि माझ्या मागं भिंतीला टेकून बसले. मी गज ओढत होते, त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

बऱ्याच वेळानं म्हणाले, ‘आण्णा गज ओढायच्या आधी श्वास घ्यायचे. तू ओढल्यावर घेतीस.’

तीस वर्षं हा माणूस फुटबॉलबद्दल सोडून कशाबद्दल बोलला नव्हता. आणि हेही त्यांना मागं बसूनच दिसलं होतं.

मी श्वास घेतला. मग गज ओढला.

ऐकायचं असेल तर...

* आधी डी. व्ही. पलुस्करांचं गाणं ऐका, मग लगेच डी. के. दातारांचं व्हायोलिन. याच क्रमानं. कुणाचं काय कुणाकडे गेलं, ते सांगावं लागणार नाही.

* पहिल्या दोन मिनिटांत कंटाळा आला तर बंद करू नका. तिसऱ्या मिनिटापर्यंत थांबा. कॉफमन बारा वर्षं थांबला होता!

* ऑफिसमधून येताना बसमध्ये ऐका, पण काम करताना बॅकग्राउंडला लावू नका. बिचाऱ्या व्हायोलिनला पुन्हा मागं बसवू नका.

* पुढच्या मैफलीला गेलात तर गाणाऱ्याकडे बघून झालं की, एकदा डावी-उजवीकडेही बघा. आणि संपल्यावर आत जाऊन साथीदारांचं नाव विचारा. दोन मिनिटं लागतात.